लुटुपुटूची गोळी

९ जानेवारी

ताईस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय.

तुझ्या डॉक्टरीणबाई मला एका बैठकीत भेटल्या. त्यांनी नाव घेतलं नाही. पण पोहायला शिकवणाऱ्या चोपन्न वर्षांच्या एक बाई आहेत, अस्थिमज्जेचा आजार आहे, दर पंधरा दिवसांनी रक्त चढवावं लागतं आणि दर वेळी त्या नर्सलाच सुई कशी धरायची ते शिकवतात, एवढं ऐकल्यावर मला दुसरं कोण आठवणार होतं? दोन वर्षं झाली म्हणे. मी याच आजाराचा डॉक्टर आहे, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला तो आहे हे मला चहा पिता पिता परक्या बाईंकडून कळलं.

मुद्द्याचं लिहितो. आम्ही एक चाचणी करतोय. मधुमेहाची एक जुनी गोळी आहे, लाखो लोक रोज घेतात. माझ्या रोग्यांपैकी ज्यांना मधुमेहही होता, त्यांना रक्त कमी वेळा चढवावं लागतं असं माझ्या लक्षात आलं. प्रयोगशाळेत मज्जेतल्या पेशींना ते औषध दिलं तेव्हा लाल पेशी थोड्या जास्त तयार झाल्या. माणसात तसंच होतं का, ते बघायचंय. तुझ्या गावातल्या रुग्णालयातही हे केंद्र आहे. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

विचार कर.

तुझा भाऊ

*

२० जानेवारी

डॉक्टरसाहेबांस,

पत्र मिळालं. आठ वर्षांनी अक्षर तसंच आहे, मुंगीचे पाय शाईत बुडवल्यासारखं.

आजार तुला का कळवला नाही, हे खरंच विचारतोयस? कळवलं असतं तर तू हेच केलं असतंस. चाचणीत बसवलं असतंस. मागच्या वेळी यांना बसवलंस तसं. नवं औषध आलंय, यांचं नाव घालतो म्हणालास. मग चिठ्ठ्या टाकल्या, आणि यांच्या वाट्याला जुनंच औषध आलं. नवं घेतलेली माणसं अजून हिंडत-फिरत आहेत, असं मी वर्तमानपत्रात वाचलं. यांना जाऊन आठ वर्षं झाली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस होता तो, लोकांना वर पोचवायचा. तुझ्या हातात त्याची लिफ्ट मधल्याच मजल्यावर अडकली.

आता माझ्यासाठी गोळी आणलीस. मला एवढंच सांग, यातही चिठ्ठ्या आहेत का?

माझी तब्येत विचारली नाहीस, तरी सांगते. तलावाच्या साहेबांनी मला तिकीट-खिडकीत बसवलंय. कठड्यावरून चालताना दम लागायचा, शिट्टी वाजवली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आता मी काचेतून हात घालून लोकांना टोप्या देते. पाणी आहे पंधरा पावलांवर.

ताई

*

२८ जानेवारी

ताईस,

हो, यातही चिठ्ठ्या आहेत. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला काय मिळणार ते यंत्र ठरवतं. ते ना तुझ्या डॉक्टरीणबाईंना माहीत असतं, ना मला. तसं केलं नाही तर गोळीने बरं वाटलं की गोळी घेतल्याच्या समाधानाने, ते कधीच कळत नाही.

भाऊजींबद्दल मी काही लिहिणार नाही.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. आलीस तर माझ्यावर उपकार करायला येऊ नकोस. आणि एक गोष्ट नीट वाच, कारण तू सूचना वाचत नाहीस. चाचणीच्या काळात डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय दुसरं एकही औषध घ्यायचं नाही. तुझ्या अंगात इतकं रक्त चढवलंय की लोह साठलंय, ते काढायचं औषध तू घेतेस, आणि त्याने मूत्रपिंडं दमतात. तिथे गंमत चालत नाही.

तुझा भाऊ

*

३ मार्च

डॉक्टरसाहेबांस,

वीस फेब्रुवारीला सही केली. तुझ्यासाठी नाही. खिडकीत बसून कंटाळले म्हणून.

चाचणीची नर्स पोरसवदा आहे पण हिशेबी. पांढरी बाटली दिलीय, महिन्याने परत घेणार आणि उरलेल्या गोळ्या मोजणार. मी घरी आल्यावर गोळी चावून बघितली. कडू लागली. खरी गोळी कडू असते का? शेजारीण मधुमेहाची तीच गोळी घेते, तिला विचारलं, तर ती म्हणाली, मी गिळते बाई, चावत नाही.

तूच ही चाचणी मांडलीस. तुझ्या टेबलावर कुठेतरी ती यादी असणारच. मला खरी दिलीय की लुटुपुटूची, एवढं एका ओळीत लिही. मी कोणाला सांगणार नाही. यांच्या वेळी विचारायचं राहून गेलं, आता राहू देणार नाही.

ताई

*

११ मार्च

ताईस,

मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

लुटुपुटूचीही कडूच केलेली असते. तुझ्यासारखी माणसं चावून बघतात म्हणून.

तुझा भाऊ

*

१८ मे

चि. खडूस,

हो, आज खडू लिहितेय. लहानपणी पांढराफटक आणि काडीसारखा होतास म्हणून मीच हे नाव ठेवलं होतं. त्यातलं पांढराफटक आता माझ्याकडे आलंय. पण कमी होत चाललंय, तेच सांगायला लिहितेय.

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठवरून साडेआठवर गेलंय. मागचं रक्त चढवल्याला चोवीस दिवस झाले आणि अजून बोलावणं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा बघितला. मी जिना एका दमात चढले, वर जाऊन उगाचच खाली आले आणि पुन्हा चढले.

साहेबांच्या मागे लागून मोठ्यांचा वर्ग परत मिळवलाय. आठवड्यातून दोन सकाळी. सहा जण आहेत. त्यात टपाल कचेरीतली एक बाई आहे, चाळिशीची. तीन महिन्यांपासून येतेय म्हणे, पण तलावाच्या काठाचा दांडा सोडत नाही. पाय मारते छान, पण हात दांड्याला वेल्डिंग केल्यासारखे. मी तिला म्हटलं, बाई, दांडा कुठे पळून जात नाही, तुम्ही जरा जाऊन या. हसली, पण सोडला नाही.

तर डॉक्टरसाहेब, तुमच्या यंत्राने काय ठरवायचं ते ठरवू दे. माझं मी ठरवलंय. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

ताई

*

२४ मे

ताईस,

आकडे वाचून आनंद झाला. हे वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलंय, त्यामुळे खरं समज.

पण चार महिने पूर्ण होईपर्यंत कोणापुढे बोलू नकोस. या आजारात आकडे आपले आपणही वरखाली होतात. पोट बिघडलं, मळमळलं, थकवा आला तर नर्सला त्याच दिवशी सांग. आणि खोल पाण्यात जाऊ नकोस.

'माझं मी ठरवलंय' म्हणजे काय, ते कळलं नाही. तुझ्या नेहमीच्या टोमण्यांपैकी एक असावा.

तुझा भाऊ

*

४ जून

(रुग्णालयातून)

खडू,

हे पत्र तुला दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत मिळावं म्हणून लिहितेय. हाताला सुई लावलीय, त्यामुळे अक्षर तुझ्यासारखं आलंय.

मी वीस एप्रिलपासून रोज मधुमेहाच्या दोन गोळ्या जास्तीच्या घेत होते. दुकानातल्या. शेजारणीची चिठ्ठी दाखवून आणल्या. दोन महिने तुमची बाटली इमानदारीने खाल्ली, हिमोग्लोबिन तसूभर हललं नव्हतं. मी म्हटलं, आलीच पुन्हा लुटुपुटूची वाट्याला. याच घरात दोनदा. मग मी बसून वाट बघायची का? यांनी बघितली, काय झालं? गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, मग यंत्राला कशाला विचारायचं?

आणि आकडा वाढला. मला वाटलं, जिंकले. तुला पत्र लिहिताना किती खूश होते ते तू वाचलंसच.

पंचवीस मेपासून पोट बिघडलं. नर्सला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुकानातल्या गोळ्या उघड झाल्या असत्या. तीस तारखेला सकाळी वर्ग होता, मी छातीभर पाण्यात उभी होते. श्वास भराभर चालू झाला, थांबेना. मग पाय आहेत की नाहीत ते कळेना. पाणी डोक्यावरून गेलं ते आठवतं. पाण्याखालून सगळ्यांचे पाय दिसले, ते आठवतं. तीस वर्षांत मी किती जणांना बाहेर काढलं ते मोजलं नाही, आणि स्वतः छातीभर पाण्यात बुडत होते.

बाहेर काढलं टपालवाल्या बाईने. सगळ्यांत जवळ तीच होती. तिने दांडा सोडला, मला काखेत धरलं आणि तशीच ओढत काठाला आणलं. मी शिकवलेलं तिने काहीच केलं नाही, सगळं चुकीचं केलं, पण आणलं.

रक्तात आम्ल वाढलं होतं म्हणतात. दोन दिवस यंत्राने रक्त धुतलं. डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर मी खरं सांगितलं. त्या फाईल मिटून बाहेर गेल्या. त्यांचा चेहरा पाहून मला तुझं भांडण बरं वाटलं.

आता तुला हवं ते लिही.

ताई

*

१० जून

ताईस,

हवं ते लिहितो.

तू बेशुद्ध होतीस तेव्हा नियमाप्रमाणे तुझा क्रमांक उघडला. यंत्राने तुला खरी गोळी दिली होती. पहिल्या दिवसापासून. परिणाम दिसायला दहा ते बारा आठवडे लागतात, हे तू सही केलेल्या कागदावर दुसऱ्या पानावर लिहिलं होतं. तू नवव्या आठवड्यात धीर सोडलास. तिप्पट औषध पोटात घालत होतीस, तेही दमलेल्या मूत्रपिंडांवर. आता ही गोळी तुला कोणीही, कधीही देणार नाही. ती कदाचित तुला लागू पडत होती. कदाचित म्हणतो, कारण खरं काय ते तू कोणालाच कळू दिलं नाहीस, स्वतःलाही नाही. तुझं नाव चाचणीतून काढलंय. एकसष्ट माणसं होती, आता साठ. त्या साठांतली अर्धी लुटुपुटूची गोळी खाताहेत आणि त्यांना ते माहीत नाही, तरी ती महिन्याच्या महिन्याला येऊन हात पुढे करतात. तुला ते जमलं नाही.

आता दुसरं. आठ वर्षं तू मला ऐकवतेस. मी ऐकून घेतलं. आज नाही घेणार.

भाऊजींच्या चाचणीत मध्यावर आकडे बघितले तेव्हा नवं औषध बरं ठरत होतं. जुन्या गटातल्या सगळ्यांना बदलून घ्यायची मुभा मिळाली. त्यांनाही. मी स्वतः त्यांना रुग्णालयाच्या मागच्या जिन्यात बसवून सांगितलं. जंतू लागू नयेत म्हणून तीन महिने इथे काचेआड राहावं लागलं असतं, भेटायला कोणी नाही, आणि त्यांचा आजार तोवर इतका पुढे गेला होता की पाचात एक शक्यता होती. त्यांनी सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि नको म्हणाले. मग म्हणाले, "तिला सांगू नकोस. ती मला उचलून आणून त्या काचेत ठेवेल."

मी शब्द दिला. तू मला खुनी ठरवलंस, दारात उभं केलं नाहीस, तेराव्याला मी आलो तर भांडी घासायला निघून गेलीस. मी शब्द पाळला. त्यात माझा मोठेपणा होता असं समजू नकोस. आपलं बरोबर आहे आणि हे समोरच्याला माहीत नाही, यात एक सुख असतं, ते मी आठ वर्षं भोगलं. आज शब्द मोडतोय, कारण तुझा राग आलाय. दुसरं काही कारण नाही.

तुझा भाऊ

*

२ ऑगस्ट

डॉक्टरसाहेबांस,

सात आठवडे लागले. मध्ये चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं.

तुला वाटलं असेल, आता ताई रडेल आणि माफी मागेल. गोळ्यांची मागते. चुकले. तुझं पहिलं पान पूर्ण कबूल आहे.

दुसऱ्या पानाचं मात्र नाही. तुम्ही दोघं जिन्यात बसलात, ठरवलंत आणि उठलात. माझ्या नवऱ्याच्या मरणाचं माझ्याशिवाय ठरलं. त्यानंतरचे चार महिने मी काय करत होते, तुला माहीत आहे? रोज सकाळी त्याला सांगत होते की पुढच्या महिन्यात नवं औषध मिळेल, खडू बघतोय. तो मान हलवायचा. त्या महिन्यांत त्याने न्हाणीघराचं दार दुरुस्त केलं, मला फ्यूज बदलायला शिकवलं, घरातल्या सगळ्या किल्ल्यांना रंगीत दोरे बांधले. मला वाटायचं, माणूस उमेदीत आहे. तो आवराआवर करत होता. अख्ख्या घरात आशेवर असलेली मी एकटी. लुटुपुटूची गोळी तुम्ही मलाच दिली होतीत, आणि मी ती चार महिने खाल्ली. वर आठ वर्षं त्या गोळीचा राग तुझ्यावर काढला.

तुला सुख झालं म्हणतोस. मला ते वाक्य आवडलं, खरं आहे म्हणून. पण माफ करवत नाही. त्यालाही करवत नाही, आणि तो तर भांडायलाही समोर नाही. मी त्याला उचलून आणलं असतं, हे खरं आहे. पण 'नको' हे त्याने माझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं. कदाचित मी म्हटलं असतं, चल घरी. हे आता कोणालाच कळणार नाही. तुझ्याच शब्दांत सांगते, तुम्ही ते कळू दिलं नाहीत.

सोबत एक कागद जोडलाय. वीस एप्रिल ते तीस मे, एकेचाळीस दिवस, कुठल्या दिवशी किती वाजता किती गोळ्या घेतल्या, कधी पोट बिघडलं, सगळं. खिडकीत बसून तिकिटांच्या वहीच्या मागच्या पानावर मी तेव्हाच लिहून ठेवत होते. तलावात मी रोज पाण्याची नोंद ठेवते, तशी सवय आहे. डॉक्टरीणबाईंना एक प्रत दिली. त्या म्हणाल्या, चाचणीत धरता येणार नाही, पण फायलीत लावते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मग पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या.

हिमोग्लोबिन सात. दर पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा सुरू झालंय. मी परत खिडकीत आहे. टपालवाली बाई तलावाची एक लांबी जाते. माझ्याकडे न बघता जाते, कारण बघितलं तर मी तिच्या चुका सांगते.

तुझ्याकडे आणखी काय काय लपवलंय, ते मला माहीत नाही. त्याने त्या जिन्यात विचारलेले दोन प्रश्न कोणते, ते तू लिहिलं नाहीस. ते मुद्दाम लिहिलं नाहीस की विसरलास?

ताई

*

१२ ऑगस्ट

ताईस,

विसरलो नाही.

ते पत्रात लिहिणार नाही. पत्रात आपण दोघंही एकमेकांना लागेल असंच लिहितो, आणि त्या दोन प्रश्नांच्या बाबतीत मला तसं करायचं नाही. एक प्रश्न तुझ्याबद्दल होता.

तुझा कागद तीनदा वाचला. इतकी नीट नोंद माझ्या साठांपैकी एकानेही ठेवलेली नाही. हे कौतुक आहे, टोमणा नाही.

तुला सांगायला हवं होतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग दुसरा दिवस जुना झाला. तू दारातून हाकललंस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, की आता सांगायला नकोच. ते दोन प्रश्न सोडले तर आता माझ्याकडे लपवलेलं काही नाही.

मी येऊ का? तू दार उघडणार नाहीस असं वाटतं. तरी विचारतो.

खडू

*

१९ ऑगस्ट

खडू,

घरी येऊ नकोस. घरी आलास तर मी दोन वाक्यांत उठेन आणि काहीतरी आवरायला घेईन, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

येत्या गुरुवारी मला रक्त चढवणार आहेत. रुग्णालयाचा दुसरा मजला, डावीकडची शेवटची खोली, खिडकीशेजारचा पलंग. दोन पिशव्यांना चार तास लागतात. एका हाताला सुई असते, त्यामुळे मला उठून जाता येत नाही. सकाळी बरोबर आठला सुरू करतात.

माझा राग गेलेला नाही. तुला बघून तो कमी होईल असं समजून येऊ नकोस. मी बोलेन ते तुला खाली मान घालून ऐकावं लागेल, आणि आजूबाजूच्या पलंगांवरचे चार लोकही ऐकतील, त्यांना मी बाहेर पाठवणार नाही. मग तू ते दोन प्रश्न सांग. दोन्ही. त्याने विचारले तशाच शब्दांत, डॉक्टरी भाषेत नाही.

पलंगाशेजारी स्टूल असतं, त्याला पाठ नाही. वेळेवर ये. उशीर केलास तर पिशवी तेवढी रिकामी झालेली असेल, आणि ती संपली की नर्स सुई काढते.

ताई